अर्डुइनो उनो

अर्डुइनो उनो हा एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरवर आधारित इलेक्ट्रॉनिक बोर्ड असून तो इ.स. २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्डुइनो प्रकल्पाचा आरंभ इ.स. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे झाला. इटालियन भाषेत 'उनो' म्हणजे 'एक'.

रचना
बोर्डवर १४ डिजिटल व ६ अ‍ॅनालॉग पिना असतात. मायक्रोकंट्रोलरच्या ३२ किलोबाइट फ्लॅश मेमरीपैकी अर्धा किलोबाइट बूटलोडरने व्यापलेला असतो. या लहान प्रोग्राममुळे वेगळ्या प्रोग्रामर उपकरणाशिवाय यूएसबीमार्गे नवा प्रोग्राम भरता येतो.

जोडणी
प्रथम संगणकावर अर्डुइनो आयडीई हे मुक्त सॉफ्टवेअर स्थापित करतात. बोर्ड यूएसबी केबलने जोडल्यावर 'टूल्स' यादीतून बोर्डचा प्रकार व पोर्ट निवडतात. त्यानंतर 'ब्लिंक' हा नमुना प्रोग्राम अपलोड केल्यास १३ क्रमांकाच्या पिनेवरील एलईडी एकेक सेकंदाने उघडझाप करतो. नव्या बोर्डमध्ये हा प्रोग्राम बहुधा आधीच भरलेला असतो. म्हणून विलंबाचा आकडा १००० वरून २०० केल्यास अपलोड खरोखर झाल्याची खात्री पटते.

अडचणी व दक्षता
पोर्ट यादीत न दिसल्यास केबल केवळ चार्जिंगची असू शकते. सीएच३४० चिप असलेल्या प्रतिकृतींना काही संगणकांवर वेगळा ड्रायव्हर लागतो. ० व १ या पिना यूएसबी संवादासाठीही वापरल्या जात असल्याने त्यांना काही जोडलेले असल्यास अपलोड अयशस्वी होऊ शकते. एका पिनेतून ४० मिलिअँपिअरपेक्षा अधिक विद्युतप्रवाह गेल्यास चिप कायमची निकामी होऊ शकते. म्हणून मोटार थेट पिनेला न जोडता ट्रान्झिस्टरमार्फत चालवतात.