शिकवता शिकवता

एम.एस्सी. फिजिक्सला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या पेपरात 'बोस-आइनस्टाइन स्टॅटिस्टिक्स' नावाचं प्रकरण असतं. बहुतेक विद्यापीठांत त्याचं जे होतं तेच आमच्याकडे झालं. सूत्र फळ्यावर सिद्ध झालं, आम्ही ते वहीत उतरवलं, परीक्षेत ओतलं आणि विसरलो. या सूत्राचं मूळ एका विद्यापीठाच्या वर्गात आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी, असंच काहीबाही वाचताना कळलं. मग मी मागेमागे जात थेट कलकत्त्याला पोचलो.

कलकत्ता विद्यापीठ १८५७ चं. पण तिथलं सायन्स कॉलेज उभं राहिलं १९१४ साली. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी त्यासाठी घसघशीत देणग्या दिल्या. प्राध्यापक भारतीयच हवा, ही पालितांची अट होती. या सगळ्यामागे होते न्यायमूर्ती आशुतोष मुखर्जी. इमारत झाली, अध्यासनं झाली. पण शिकवायचं कुणी? घोष अध्यासनाचे देवेंद्रमोहन बोस पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीत गेले आणि पहिल्या महायुद्धामुळे तिथेच अडकले, ते परतले १९१९ साली. पालित अध्यासनावर रामन आले १९१७ मध्ये, तेही सरकारी हिशेबखात्यातली भरपूर पगाराची नोकरी सोडून.

आशुतोषबाबूंनी मग दोन पोरांना बोलावलं. पोरंच म्हणायची, कारण सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांनी १९१५ साली एम.एस्सी. केली होती, तीही मिश्र गणितात! बोस पहिले, साहा दुसरे. १९१६ मध्ये त्यांची व्याख्याते म्हणून नेमणूक झाली, आधी गणितात, मग फिजिक्समध्ये. ज्या विषयात पदवी नाही तो एम.एस्सी.च्या मुलांना शिकवायचा, आणि तोही नवा. क्वांटम, सापेक्षता, सगळं त्याच काळात युरोपात घडत होतं आणि बरंचसं जर्मनमध्ये छापलं जात होतं.

यांनी जर्मनचा अभ्यास केला. शिबपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजात ब्रूल नावाचे एक युरोपियन प्राध्यापक होते, त्यांच्या संग्रहातून पुस्तकं आणली. सापेक्षतेवरचे आइनस्टाइन आणि मिंकोव्हस्की यांचे मूळ लेख दोघांनी इंग्रजीत आणले, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी प्रस्तावना लिहिली आणि १९२० साली कलकत्ता विद्यापीठानेच ते पुस्तक छापलं. इंग्रजीतल्या अगदी सुरुवातीच्या भाषांतरांपैकी हे एक.

आता खरी गंमत. साहा थर्मोडायनॅमिक्स शिकवत आणि ताऱ्यांच्या वर्णपटाबद्दलही वाचत. तापमान वाढलं आणि दाब कमी झाला की अणूतून इलेक्ट्रॉन सुटतात. तो किती प्रमाणात सुटतो याचं गणित त्यांनी १९२० साली मांडलं, आणि वेगवेगळ्या ताऱ्यांचे वर्णपट वेगळे का दिसतात याचा उलगडा झाला. पाठ्यपुस्तकातली थर्मोडायनॅमिक्स त्यांनी थेट सूर्यावर नेऊन लावली.

बोस १९२१ मध्ये नव्याने सुरू झालेल्या ढाका विद्यापीठात गेले. तिथे मुलांना प्लांकचा नियम समजावताना त्यांना एक गोष्ट खटकत राहिली. नियम बरोबर, पण तो सिद्ध करताना अर्धं जुनं भौतिकशास्त्र आणि अर्धं नवं, अशी खिचडी. मुलांना समजेल असं स्वच्छ सांगायचं तर ही विसंगती लपवता येईना, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. तोड काढली ती मोजणीत. दोन नाणी उडवली तर आपण चार शक्यता मोजतो, कारण 'हे छाप, ते काटा' आणि 'हे काटा, ते छाप' या दोन वेगळ्या. पण नाणी इतकी एकसारखी असतील की 'हे' आणि 'ते' म्हणण्याला अर्थच नाही, तर? मग शक्यता उरतात तीन. प्रकाशकणांसाठी बोसांनी मोजणीच वेगळी केली आणि प्लांकचा नियम हाती आला. जून १९२४ मध्ये त्यांनी तो लेख आइनस्टाइनला पाठवला. आइनस्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवला.

बोसांनी फळ्यावर चूक केली आणि त्यातून शोध लागला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. मला ती पटत नाही. चूक कुणाचीही होते. पण मुलांपुढे जे नीट सांगता येत नाही ते आपल्यालाच नीट कळलेलं नाही, हे मान्य करून वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागणं, हे दुर्मिळ.

स्वातंत्र्याच्या आसपास आपण मात्र वेगळी वाट धरली. १९४५ साली टीआयएफआर निघाली, राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि त्यांनी मोठं काम केलं यात वादच नाही. पण पैसा, उपकरणं आणि प्रश्न पडलेली माणसं तिकडे गेली. विद्यापीठांच्या विभागांकडे उरला अभ्यासक्रम. संशोधन विद्यापीठांतच व्हावं असं साहा सांगत राहिले. १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका उभी राहिली ती नेमकी ही दरी सांधायला, आणि त्यामागे जयंत नारळीकर होते. पण देशभरातल्या विभागांना एकटी आयुका कुठवर पुरणार?

नात्यातली मंडळी मुलांच्या प्रवेशाच्या वेळी विचारतात, "विभाग चांगला आहे का रे? लॅब कशी आहे?" लॅब बघाच. पण जमलं तर एखाद्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा. शिकवणारा माणूस "हे मला अजून नीट कळलेलं नाही" असं वर्गात म्हणू शकतो का, ते ऐका. १९१६ सालच्या कलकत्त्यात त्या दोघांपाशी याहून फारसं काही नव्हतं.