जुने बाग-ट्रॅक्टर : जीर्णोद्धार, देखभाल आणि वापर

घराभोवतीची एक-दोन एकर जमीन, भाजीचा वाफा आणि हिरवळ सांभाळण्यासाठी बनवलेला, बसून चालवायचा लहान चारचाकी ट्रॅक्टर म्हणजे बाग-ट्रॅक्टर. या नोंदीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुख्यतः १९५० ते १९९० या काळात बनलेल्या बाग-ट्रॅक्टरांचा विचार केला आहे. त्यांची शक्ती साधारणपणे ७ ते २० अश्वशक्ती आणि वजन पाव ते अर्धा टन असते. केवळ गवत कापणाऱ्या बैठ्या यंत्रापेक्षा ते वेगळे असतात. त्यांची चौकट जाड पोलादाची आणि गिअरपेटी ओतीव लोखंडाची असते. नांगर, कुळव, बर्फ ढकलणारे पाते किंवा लहान गाडी ओढण्याइतकी पकड मागच्या चाकांना असते. सुटे करून पुन्हा जोडता येतील असेच हे ट्रॅक्टर बांधलेले असल्यामुळे पन्नास-साठ वर्षांनंतरही ते घरच्या शेडमध्ये, मोजक्या हत्यारांनिशी पुन्हा कामाला लावता येतात.

इतिहास

चालकाने मागून चालत हाकायची दुचाकी यंत्रे आधी आली. वेस्ट व्हर्जिनियातील डनबार येथील छायाचित्रकार बेंजामिन ग्रेव्हली याने १९१६ मध्ये मोटर-नांगराचे पेटंट मिळवले. ग्रेव्हलीची दुचाकी यंत्रे पुढे अनेक दशके बनत राहिली. आज कोकणातल्या भातखाचरांत चालणारा पॉवर टिलर रचनेने याच कुळातला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर मोठ्या आवाराची घरे वाढली. शेतीचा ट्रॅक्टर परवडणार नाही आणि हातयंत्र पुरणार नाही, अशी मोठी गरज त्यातून निर्माण झाली. १९४६ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे एल्मर पाँड आणि त्याचा मुलगा सेसिल यांनी लहान ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्यातूनच ‘व्हील हॉर्स’ ही लाल रंगाची यंत्रे पुढे आली. १९८६ मध्ये ही कंपनी टोरो कंपनीने घेतली. विस्कॉन्सिनमधील पोर्ट वॉशिंग्टन या एकाच गावात सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स या दोन कंपन्यांचे कारखाने होते. सिम्प्लिसिटीची यंत्रे ॲलिस-चामर्स आपल्या नावाने विकत असे, आणि १९६५ मध्ये त्या कंपनीने सिम्प्लिसिटी विकतच घेतली.

इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६० मध्ये ‘कब कॅडेट’ बाजारात आणला. त्याचे उत्पादन केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे होत असे. १९४७ पासून बनणाऱ्या ‘फार्मॉल कब’ या शेतीच्या छोट्या ट्रॅक्टरच्या गिअरपेटीवर त्याची गिअरपेटी बेतलेली होती. तो गवत कापण्याइतकाच नांगर ओढण्यातही टिकला, याचे हेच कारण. कब कॅडेटचा विभाग १९८१ मध्ये एमटीडी या कंपनीकडे गेला. जॉन डिअरने १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधील होरिकॉन येथे आपला ‘११०’ हा पहिला बाग-ट्रॅक्टर बनवला. केस कंपनीने १९६४ मध्ये कोल्ट ही कंपनी घेऊन तेलाच्या दाबावर चालणारे बाग-ट्रॅक्टर आणले.

मराठी वाचकाला इंटरनॅशनल हार्वेस्टरचे नाव परके नाही. याच कंपनीने १९६३ मध्ये महिंद्र अँड महिंद्र आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत मुंबईत शेतीचे ट्रॅक्टर बनवणारी कंपनी उभारली, आणि ‘बी-२७५’ हा ट्रॅक्टर महाराष्ट्रातल्या शेतांपर्यंत पोहोचला.

रचना

इंजिन : या काळातील असंख्य बाग-ट्रॅक्टरांत कोहलर कंपनीची के-मालिकेतील एक सिलिंडरची, हवेने थंड होणारी पेट्रोल इंजिने आढळतात. के-२४१ हे १०, के-३०१ हे १२, के-३२१ हे १४ आणि के-३४१ हे १६ अश्वशक्तीचे इंजिन. सिलिंडर ओतीव लोखंडाचा असतो आणि व्हॉल्व्ह त्याच्या बाजूला बसवलेले असतात, म्हणून हेड म्हणजे केवळ बोल्टांनी बसवलेले सपाट झाकण असते. ते काढले की पिस्टन आणि व्हॉल्व्ह समोर दिसतात. एकच इंजिन कब कॅडेट, जॉन डिअर, व्हील हॉर्स अशा निरनिराळ्या यंत्रांत बसवलेले असल्यामुळे त्याचे सुटे भाग आजही मिळतात. जीर्णोद्धाराचा छंद टिकून राहण्याचे हे फार मोठे कारण आहे.

या इंजिनात तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची जीभ खालच्या तेलात बुडते आणि फिरताना ते सर्वत्र उडवते. त्यामुळे तेलाची पातळी थोडी उतरली किंवा ट्रॅक्टर तीव्र उतारावर बराच वेळ तिरका राहिला, तर बेअरिंगांना तेल पोहोचत नाही. कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असून तो क्रँकवर थेट फिरतो. तेलाविना तो क्षणात चिकटतो आणि तुटतो.

गतीचे वहन : इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत पट्टा आणि गिअर असतात. दुसरीत क्लच आणि सरळ शाफ्ट असतो. १९६३ नंतरच्या कब कॅडेटमध्ये ही पद्धत दिसते. तिसरी द्रवचलित पद्धत आहे. तीत पंप तेल ढकलतो, मोटर त्या तेलावर फिरते आणि एका दांड्याने वेग व दिशा दोन्ही बदलता येतात.

वीज : अनेक जुन्या यंत्रांत स्टार्टर आणि जनरेटर हा पट्ट्याने जोडलेला एकच भाग असतो. तो आधी इंजिन फिरवतो आणि इंजिन सुरू झाले की १२ व्होल्टची बॅटरी भारित करतो. प्रज्वलनासाठी पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल असतात.

यंत्राची निवड

जुना ट्रॅक्टर घेताना रंगाकडे पाहू नये. गिअरपेटी, पुढचा आस, स्टिअरिंग आणि चौकट यांची अवस्था आधी तपासावी. इंजिन पुन्हा बांधता येते, पण फुटलेल्या गिअरपेटीचे कवच मिळणे कठीण असते. गवत कापणीचा डेक, नांगर आणि बर्फ फेकणारे यंत्र मूळ ट्रॅक्टरसोबतच मिळाले तर घ्यावे, कारण जोडणीचे कंस प्रत्येक प्रारूपाचे वेगळे असतात. गिअरपेटीवरील अनुक्रमांक आणि इंजिनावरील तपशील क्रमांक टिपून ठेवावेत. पुढे भाग मागवताना हेच क्रमांक कामाला येतात.

जीर्णोद्धार

कामाचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी ट्रॅक्टर थांबला पाहिजे, मग चालला पाहिजे, आणि दिसणे सर्वांत शेवटी. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांच्यापासून सुरुवात करावी. पुढे इंजिन, वीज आणि गतीचे वहन घ्यावे. रंग शेवटी. रंगापासून सुरुवात केलेली यंत्रे बहुधा अर्धवट राहतात, कारण गळणारे ऑइल सील बदलताना नवा रंग पुन्हा खरवडावा लागतो.

अडकलेले इंजिन : वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या यंत्रात पिस्टन गंजाने सिलिंडरला चिकटतो. प्लग काढून त्या छिद्रातून भेदक तेल सोडावे आणि काही दिवस थांबावे. मग क्रँक हाताने मागे-पुढे, थोडाथोडा हलवून पाहावा. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा मारल्यास, किंवा ट्रॅक्टर दुसऱ्या गाडीने ओढून इंजिन सोडवू पाहिल्यास कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन दोन्ही गमवावे लागतात. येथे धीर हेच खरे हत्यार आहे.

इंजिन सुटल्यावर सिलिंडरची झीज मायक्रोमीटरने मोजतात. झीज जास्त असेल तर लेथवाल्याकडून सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा बसवतात. व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकीवर घासून घेतात. के-मालिकेतील १० अश्वशक्ती आणि त्याहून मोठ्या इंजिनांच्या तळाशी कंपन कमी करणारे समतोल गिअर असू शकतात. त्यांचे बेअरिंग तुटले तर अख्खी क्रँककेस फुटते. म्हणून इंजिन उघडल्यावर अनेक कारागीर ते काढून टाकतात. ते काढल्यास कंपन वाढते. घरगुती वापरात हा सौदा बहुतेकांना मान्य असतो.

प्रज्वलन आणि इंधन : के-मालिकेतील इंजिनात पॉइंटांमधील अंतर ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवतात. पॉइंट एका बारीक दांड्याने कॅमशाफ्टवरून उघडतात, त्यामुळे हे अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते. मंद सुरुवात, उलटा झटका आणि शक्ती कमी होणे या तक्रारींचे मूळ अनेकदा येथेच सापडते. कार्बोरेटर पूर्ण सुटा करून त्याच्या सर्व बारीक वाटा मोकळ्या कराव्यात. टाकीतील जुने पेट्रोल आणि गाळ काढावा, आणि रबराच्या नळ्या नव्या घालाव्यात. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि जुने रबर मऊ करते.

स्टार्टर-जनरेटर किंवा त्याचा रेग्युलेटर बदलल्यावर जनरेटरची ध्रुवता पुन्हा ठरवून घ्यावी लागते. हे विसरल्यास बॅटरी भारित होत नाही आणि रेग्युलेटर जळतो.

गंज : लहान लोखंडी भागांसाठी विद्युत-विघटन उपयोगी पडते. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साधे लोखंड धन टोकाला जोडतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून ती उघड्या हवेत, ठिणगीपासून दूर करावी. ॲल्युमिनियमचे भाग यात घालू नयेत.

रंग : मूळ रंगाचे जतन आणि नवा रंग यांविषयी संग्राहकांत मतभेद आहेत. कारखान्यातला रंग आणि चिन्हपट्ट्या बऱ्यापैकी उरल्या असतील तर ट्रॅक्टर फक्त धुऊन तेल चोळून जपावा, हा मार्ग अधिक योग्य आहे. मूळ रंग यंत्राचा पुरावा असतो आणि एकदा खरवडला की परत मिळत नाही. रंग पूर्ण गेला असेल तर तो उतरवून, गंजरोधक प्रायमर आणि मूळ छटेचा रंग द्यावा. कब कॅडेटचा पिवळा-पांढरा, जॉन डिअरचा हिरवा-पिवळा आणि व्हील हॉर्सचा लाल रंग संग्राहक दुरूनच ओळखतात.

देखभाल

के-मालिकेतील इंजिनांचे तेल दर २५ तासांच्या कामानंतर बदलतात. त्यांत तेलाचा फिल्टर नसतो, म्हणून हे वेळापत्रक पाळावेच लागते. मोठ्या इंजिनांत सुमारे १.९ लिटर तेल बसते. तेलाची पातळी प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावी. इंजिनावरील पत्र्याचे आवरण वर्षातून एकदा काढून सिलिंडरच्या पंखांत अडकलेले गवत आणि उंदरांची घरटी साफ करावीत. हवेने थंड होणारे इंजिन तापून मरते ते बहुधा या कचऱ्यामुळे. गव्हर्नरने ठरवलेला कमाल वेग मिनिटाला ३६०० फेरे असतो. अधिक शक्तीच्या लोभाने तो वाढवू नये.

द्रवचलित गिअरपेटीला स्वच्छ तेल आणि वेळेवर बदललेला फिल्टर लागतो, कारण बारीक कण पंपाचे गुळगुळीत पृष्ठ ओरखडतात. पुढच्या चाकांचे आस, स्टिअरिंगचे सांधे आणि डेकचे स्पिंडल यांना ग्रीस गनने नियमित ग्रीस द्यावे. पट्टा बदलताना लांबी आणि रुंदीबरोबर त्यातील दोऱ्याचा प्रकारही मूळ भागाशी जुळवावा. हिवाळ्यात यंत्र उभे करण्यापूर्वी पेट्रोल काढून टाकावे किंवा त्यात स्थिरक मिसळावे.

वापर

गवत कापणे, ट्रॉली ओढणे आणि बर्फ ढकलणे ही नित्याची कामे. पण या यंत्रांची खरी ताकद नांगरणीत कळते. १० ते १२ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर १० इंची एका फाळाचा नांगर ओढतो. उजवी चाके आधीच्या सरीत चालतात, त्यामुळे नांगर तिरका न होता मातीत बसतो. पकड वाढवण्यासाठी मागच्या चाकांना लोखंडी वजने लावतात किंवा टायरांत द्रव भरतात. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण जड असते आणि गोठत नाही, पण ट्यूब फुटली तर ते रिम खाऊन टाकते. नांगरणीनंतर तव्यांचा कुळव फिरवला की वाफा पेरणीसाठी तयार होतो. अमेरिकेतील छंदी मंडळी वसंतात आणि शरदात एखाद्या शेतावर जमून एकत्र नांगरणी करतात. तेथे नवशिक्याला अनुभवी हातांकडून फाळाची खोली आणि कोन लावायला शिकता येते.

सुरक्षितता

जुन्या बाग-ट्रॅक्टरांना उलटण्यापासून वाचवणारी चौकट नसते. चालक उठताच पाते थांबवणारा आसनाखालचा स्विचही बहुतेकांत नसतो. हा स्विच जोडून घेणे ही जीर्णोद्धारातील सर्वांत मोलाची भर ठरते. १५ अंशांहून अधिक उतारावर ट्रॅक्टर नेऊ नये. डेकखाली हात घालण्यापूर्वी प्लगची तार काढावी. उचललेला ट्रॅक्टर जॅकवर न ठेवता भक्कम ठोकळ्यांवर ठेवावा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या ब्रेक, क्लच व गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे ते भाग कोरडे घासू नयेत आणि धूळ फुंकू नये. मुलांना मांडीवर बसवून चालवण्याची हौस कितीही प्रेमाची असली तरी ती टाळलीच पाहिजे.

नोंदी आणि वारसा

जीर्णोद्धार करणाऱ्याने प्रत्येक कामाची लेखी नोंद ठेवावी : सिलिंडर किती मापाने बोअर केला, कोणत्या मापाचा पिस्टन घातला, समतोल गिअर काढले की ठेवले, रंगाची छटा कोणती वापरली. ही माहिती बाहेरून दिसत नाही, आणि पुढच्या माणसाने चुकीच्या मापाची रिंग मागवली तर केलेली सारी मेहनत वाया जाते. या यंत्रांच्या अनेक कंपन्या विकल्या गेल्या किंवा बंद झाल्या आहेत. त्यांचे तांत्रिक ज्ञान आता जुन्या दुरुस्ती-पुस्तिकांत आणि हाताने काम करणाऱ्यांच्या वह्यांत जिवंत आहे. असा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती सोपवताना ती वही त्याच्यासोबत द्यावी.