धूर, ताट आणि ताण : अभ्यासाच्या उंबरठ्यावर

विद्यापीठाजवळच्या कुठल्याही टपरीवर सकाळी अकराच्या सुमारास उभे राहा. या अभ्यासक्षेत्राचे तिन्ही विषय एकाच मुलात भेटतील. न्याहारी केलेली नाही, एका हातात कटिंग, दुसऱ्यात सुटी सिगारेट आणि डोक्यात दुपारचे सबमिशन. आपण अभ्यासकांनी मात्र त्याची वाटणी करून टाकली आहे: धूर छातीच्या डॉक्टरांना, ताट आहारतज्ज्ञांना, ताण मानसशास्त्राला. ही वाटणी मोडायला तयार असलेल्या प्रत्येकाचे येथे स्वागत आहे.

सिगारेट ओढली की बरे वाटते, असे मुले सांगतात तेव्हा ती खोटे बोलत नसतात. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. पण सुमारे 2 तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते आणि चिडचिड, अस्वस्थता सुरू होते. पुढची सिगारेट शमवते ती मुख्यतः हीच अस्वस्थता. आपणच काढलेल्या चिमट्यावर आपणच फुंकर घालावी, तसा हा प्रकार. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू पॅरट यांनी 1999 मध्ये थेट विचारले, की सिगारेटच ताण निर्माण करते का? पुढे 2014 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 26 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. ओढत राहिलेल्यांपेक्षा सोडलेल्यांचा ताण आणि चिंता कमी झालेली त्यात दिसली.

आता ताटाकडे वळू. निकोटीन भूक मारते, त्यामुळे चुकलेली न्याहारी जाणवतही नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी आढळते. फळे, भाज्या कमी खाणे हे त्याचे एक कारण, धुरामुळे ते अधिक खर्ची पडणे हे दुसरे. पण मला सगळ्यांत रंजक वाटतो तो चहा. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा लवकर करते. म्हणून सिगारेट सोडली आणि चहा तेवढाच ठेवला, तर कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळते. छाती धडधडते, झोप उडते, आणि पठ्ठ्या म्हणतो, 'सोडल्याचाच त्रास होतोय!' धूर, पेय आणि ताण यांची अशी गाठ एका शाखेच्या चष्म्यातून दिसणारच नाही.

कार्यकारणाचा प्रश्न जुनाच आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर (स्वतः पाइप ओढणारे) सिगारेट आणि कर्करोग यांच्या संबंधाबद्दल 1950च्या दशकात शंका घेत होते. त्यांचा निष्कर्ष चुकला. पण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हा त्यांचा आक्षेप एकदाच प्रश्नावली वाटून मोकळ्या होणाऱ्या आपल्या पाहण्यांना आजही लागू पडतो. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची 1983ची ताणमापन श्रेणी गेल्या महिन्याबद्दल विचारते. ती जुलैत भरून घेतली काय आणि परीक्षेच्या तोंडावर काय, उत्तर सारखे कसे येईल?

परदेशी प्रश्नावल्या तर इथे जपूनच वापराव्यात. 'दिवसाला किती पाकिटे?' हा प्रश्न सुटी सिगारेट घेणाऱ्याला गैरलागू आहे. महाराष्ट्राने 2020 मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, त्याआधी 2003च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थांपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई केली. टपऱ्यांना मात्र हे कुणी कळवलेले दिसत नाही. शिवाय 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के होते. म्हणजे केवळ धुराबद्दल विचारणारा संशोधक तंबाखू-चुना आणि मिश्रीकडे पाठ फिरवतो.

नव्या संशोधकांना एकच विनंती. त्याच विद्यार्थ्यांकडे सत्राच्या सुरुवातीला जा, परीक्षेत जा आणि सुट्टीनंतर पुन्हा जा. आणि प्रश्नावली छापण्यापूर्वी वसतिगृहाची मेस सकाळी किती वाजता बंद होते, तेवढे विचारून घ्या.