ओल, ऊन आणि बराखीतला कांदा



1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली. पेनिसिलीनच्या भुकटीला ओल लागली की तिचा गुण जातो, म्हणून ती बाटलीत घट्ट बंद करतात. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले. तिथले लोखंडी भागही पावसाळी हवेत उघडे टाकले तर गंजतात.

आपला कांदा मात्र जिवंत आहे. तो श्वास घेतो. कोंडला तर सडतो. वैशाखाचे ऊन त्याचे वजन घटवते, मृगानंतरची दमट हवा त्याला सडवते आणि दिवाळीच्या सुमारास गारवा आला की कोंब फुटतात. म्हणून तर आपल्याकडे वारा खेळेल अशी बराखी बांधायची रीत पडली.

1994 साली नाशिकला सुरू झालेले कांदा-लसूण संशोधन केंद्र 1998 मध्ये आपल्या राजगुरुनगरला आले. शास्त्रीय शिफारस अशी आहे: काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा. कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवा. इंचभर मान ठेवून पात कापा, मग दहा-बारा दिवस सावलीत राहू द्या. बराखीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवा, थर चार-पाच फुटांहून जास्त नको.

जाड मानेचा, डेंगळ्याचा, जोड कांदा आधीच विकून टाका. भाव वाढेल म्हणून थांबायचे, तर थांबणारा कांदा पाहिजे ना?