भट्टीवरची नानखटाई: दिवाळीच्या बिस्किटांचा इतिहास आणि आपलं हृदय

दिवाळी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. परवा चिखलीहून येणाऱ्या एका काकूंनी तपासणी झाल्यावर पिशवीतून डबा काढला. "डॉक्टर, यंदा मैदा नाही, साखर नाही. नाचणी आणि गुळाची नानखटाई केली आहे. आता शुगर असली तरी ह्यांना पोटभर खायला हरकत नाही ना?"

मी एक खाल्ली. छान होती. पण "पोटभर" या शब्दावर मी अडकलो. काकूंना दोन वाक्यांत जे सांगता आलं नाही, ते आज इथे सविस्तर लिहितो. उत्तर पाककृतीत जेवढं आहे तेवढंच इतिहासातही आहे.

नानखटाई आली कुठून?

नानखटाईचं मूळ सुरतेला सांगितलं जातं. तिथे डच व्यापाऱ्यांची वखार होती आणि त्यांच्यासाठी पाव भाजणारी बेकरी होती. डच निघून गेल्यावर ती बेकरी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली, आणि तिथल्या कडक, कोरड्या बिस्किटातून पुढे नानखटाई तयार झाली, अशी कथा आहे. 'नान' म्हणजे फारसीत रोटी. 'खटाई'च्या अर्थावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही.

सुरतेहून ती मुंबईला आली आणि मुंबईहून पुण्याला. पुण्याच्या कॅम्प भागात इराणी बेकऱ्या होत्याच. १९५५ मध्ये सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं आजही लोक रांगा लावून नेतात. पण श्रूजबेरी विकत आणायची आणि नानखटाई भाजून आणायची, असा आपल्याकडे सरळ हिशोब होता.

पिंपरी-चिंचवडची भट्टी

तुमचं बालपण पिंपरी, चिंचवड, आकुर्डी किंवा भोसरीत गेलं असेल तर हे चित्र तुम्हाला आठवेल. घरी ओव्हन कुणाकडेच नव्हता. आई मैदा, रवा, पिठीसाखर, वेलची आणि तूप डब्यात भरायची आणि आपण तो डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचो. तिथे पत्र्याचे ट्रे मांडलेले असायचे. किलोवर मजुरी ठरलेली. आपला ट्रे दुसऱ्याच्या ट्रेबरोबर बदलू नये म्हणून कुणी मध्ये चारोळी लावायचं, कुणी बोटाने खूण करायचं.

हे गाव तेव्हा वेगाने शहर होत होतं. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं पिंपरी कॅम्पात वसली होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि टेल्को, बजाज असे मोठे कारखाने आले. साताऱ्याची, नगरची, मराठवाड्याची, खानदेशची माणसं इथे कामाला आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. गावाकडे दिवाळीला करंज्या आणि अनारसे असायचे. इथे त्यांच्या जोडीला नानखटाई आली, कारण इथे भट्टी होती आणि दिवाळीच्या तोंडावर हातात बोनस असायचा.

पण गावाकडचं तूप इथे नव्हतं. इथेच गोष्टीला वळण लागतं.

"वनस्पती" या नावाची जादू

१९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलातून हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. निकेल धातूच्या सान्निध्यात तेल तापवायचं आणि त्यात हायड्रोजन वायू सोडायचा. तेल तुपासारखं गोठतं, लवकर खवट होत नाही आणि स्वस्त पडतं. १९३७ मध्ये हेच तंत्र आपल्याकडे 'डालडा' या नावाने घराघरांत पोचलं. दादा नावाच्या कंपनीच्या नावात लिव्हरचा 'ल' घालून ते नाव तयार झालं होतं.

'वनस्पती' म्हटलं की ते शाकाहारी, हलकं आणि आधुनिक वाटायचं. त्यात व्हिटॅमिन ए घातलेलं असायचं. लोकांना चिंता होती ती वेगळीच: कुणी हे साजूक तुपात मिसळून विकेल. म्हणून सरकारने वनस्पतीत तिळाचं तेल घालणं बंधनकारक केलं. साध्या रासायनिक चाचणीत तिळाच्या तेलामुळे गुलाबी-लाल रंग येतो आणि भेसळ पकडता येते. सगळं लक्ष साजूक तूप वाचवण्याकडे होतं. वनस्पती खाणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांकडे पाहायला अजून काही दशकं लागणार होती.

आमच्याही घरी नानखटाई वनस्पतीतच व्हायची. ती जास्त खुसखुशीत व्हायची, हे खरंच आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारा स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांना वेगळं ठेवतो, त्यामुळे बिस्किट तोंडात विरघळतं. बाबा तिसऱ्या पाळीहून आले की चहाबरोबर पाच-सहा नानखटाया सहज संपायच्या. बावन्नाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्याला नानखटाई कारणीभूत होती असं मी म्हणणार नाही. तंबाखू होती, रात्रपाळी होती, रक्तदाब कधी तपासलेला नव्हता. पण मी डॉक्टर झाल्यावर ट्रान्स फॅटवरचा धडा वाचला, तेव्हा मला पहिल्यांदा तो भट्टीवरचा ट्रे आठवला.

पुन्हा डच मंडळी

१९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी ५९ निरोगी व्यक्तींना तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या स्निग्धांचा आहार दिला. ट्रान्स फॅटच्या आहाराने वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढलं आणि चांगलं, म्हणजे एचडीएल, कमी झालं. हा दुहेरी तोटा होता. तुपातल्या संपृक्त स्निग्धाने एलडीएल वाढतं, पण एचडीएल असं खाली येत नाही. अर्धवट हायड्रोजनीकरण केलेल्या तेलात ट्रान्स फॅटचं प्रमाण साधारण २५ ते ४५ टक्के असतं.

नानखटाईच्या कथेत सुरुवातीला डच आणि तिच्यातल्या दोषाचा शोध लावणारेही डच, हा योगायोगच.

२००३ मध्ये डेन्मार्कने कायद्याने मर्यादा घातली. भारतात एफएसएसएआयने टप्प्याटप्प्याने ती कमी केली: तेल-वनस्पतीत आधी १० टक्के, मग ५, १ जानेवारी २०२१ पासून ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. म्हणजे आज पॅकबंद वनस्पती पूर्वीइतकी घातक नाही. मात्र तिच्या जागी बऱ्याचदा पाम तेल आलं आहे आणि पाम तेलातला जवळपास निम्मा भाग संपृक्त असतो. ट्रान्स फॅट शून्य म्हणजे हृदयाला निर्धोक, असं समजू नका.

आपलं शरीर थोडं वेगळं आहे

"मी तर बारीक आहे, मला काय होणार?" असं चाकण-तळेगावकडची तरुण मुलं विचारतात. याचं उत्तरही पुण्याच्याच संशोधनात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्यावर आपण बारीक दिसतो, पण आत चरबी जास्त असते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आता हिशोब करू

पारंपरिक नानखटाई: २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम तूप. सुमारे ३० नग होतात. एका नगात साधारण ९५ कॅलरी, ५ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम तूप. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे पाच नानखटायांत दिवसाचा कोटा संपला, आणि चहातली साखर यात धरलेलीच नाही.

सुधारित नानखटाई: १५० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम हलकी भाजलेली नाचणी, ९० ग्रॅम पिठीसाखर, ७० ग्रॅम साजूक तूप, ४० ग्रॅम शेंगदाणा तेल, पाव चमचा खाण्याचा सोडा, वेलची, जायफळ आणि गोळा वळण्यापुरतं दूध. तूप-साखर आधी चांगली फेसून घ्या, मग तेल घाला. १६५ अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा. गरम असताना मऊ लागतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. ३० नग केले तर एका नगात सुमारे ७३ कॅलरी आणि ३ ग्रॅम साखर.

पण प्रामाणिकपणे सांगतो: यातला बराचसा फरक नग लहान झाल्यामुळे पडला आहे. ग्रॅमला ग्रॅम तोललं तर कॅलरी थोड्याच कमी होतात. खरा फायदा आहे तो कमी साखर, थोडा तंतू आणि नाचणीतल्या कॅल्शियमचा. आणि गूळ? रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ ही साखरच आहे.

मग काय करायचं?

• दिवाळीत एका वेळी दोन, तेही जेवणानंतर किंवा जेवणाच्या जागी नव्हे तर चहाबरोबर. चहा बिनसाखरेचा.
• डबा टेबलावर ठेवू नका. वाटीत काढून घ्या आणि झाकण लावा.
• विकतच्या बिस्किटावर 'नाचणी', 'आटा', 'मल्टिग्रेन' लिहिलेलं असलं तरी पाकीट उलटं करून घटक वाचा. पहिल्या तिनात मैदा, साखर, पाम तेल असेल तर ते साधं बिस्किटच आहे.
• सुट्या बेकरी मालाला लेबल नसतं. कोणतं तूप वापरता, हे बेकरीवाल्याला विचारा. तो तुमचा हक्क आहे.
• मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर फराळाच्या नावाखाली गोळ्या चुकवू नका, आणि स्वतःहून डोस वाढवूही नका. आपल्या डॉक्टरांशी बोला.

काकूंना मी शेवटी एवढंच म्हणालो, "काकू, नानखटाई फार छान झाली आहे. काकांना रोज दोन द्या. आणि उरलेला डबा शेजाऱ्यांकडे पाठवा."

आमच्या आईच्या पिढीने 'वनस्पती' हे नाव वाचून विश्वास ठेवला. त्यांच्याकडे माहिती नव्हती, आपल्याकडे आहे. 'हेल्दी' हे नाव वाचून तीच चूक आपण पुन्हा करू नये.

दिवाळीच्या शुभेच्छा!