१४ मार्च : रजतपटास वाणी लाभली

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत, गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात, अर्देशर इराणी यांच्या इम्पिरियल फिल्म कंपनीचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला, आणि दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून अठरा वर्षे निःशब्द राहिलेला रजतपट बोलू लागला. स्टुडिओलगतच्या लोहमार्गावरील गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात उतरू नये म्हणून बहुतेक चित्रण रात्री करावे लागले. पार्श्वगायन अद्याप अवतरले नसल्यामुळे नटनटींना कॅमेऱ्यापुढेच गावे लागे. मूकपटांतील मर्दानी पराक्रमांनी लोकप्रिय झालेले मास्टर विठ्ठल यांचे हिंदुस्थानी उच्चार मात्र कसोटीस उतरेनात, म्हणून पहिल्याच बोलपटाच्या नायकास पुष्कळसा भाग मौनात काढावा लागला, हा नियतीचा विनोदच म्हणावयाचा!

आपले सोनपेठ गाव त्या काळी निजामाच्या अमलाखालील परभणी जिल्ह्यात होते. घरची भाषा मराठी असली तरी सरकारी दफ्तर उर्दूत चाले, त्यामुळे या बोलपटाची भाषा येथील कानांना, प्रेमाची नसली तरी, परिचयाची खास होती. मराठीसही फार तिष्ठावे लागले नाही. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली, गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांना घेऊन, त्याच हरिश्चंद्राची कथा ‘अयोध्येचा राजा’ या नावाने बोलती केली. ‘आलम आरा’ची प्रत आज उपलब्ध नाही, ‘अयोध्येचा राजा’ मात्र अद्याप पाहावयास मिळतो.