कॉन्टेसा : जुनी वेगवान गाडी टिकते कशावर?



गाडीचे वय आपण वर्षांत मोजतो. पंधरा वर्षे झाली की गाडी जुनी, असे सरकारी कागद सांगतो आणि आपणही तसेच म्हणतो. पण गॅरेजमध्ये उभे राहून पाहिले तर वेगळेच दिसते. दहा वर्षांची एखादी गाडी एका छोट्या भागावाचून भंगारात जाते आणि चाळीस वर्षांची गाडी घाट चढून येते. म्हणजे नुसत्या वर्षांवरून गाडीचे आयुष्य कळत नाही. गाडी टिकते ती तीन गोष्टींवर : तिच्या सुट्या भागांचा पुरवठा, ती उघडून बसवता येणाऱ्या हातांतले ज्ञान आणि तिला रस्त्यावर येण्याची परवानगी. या तिन्ही गोष्टींना स्वतःचा इतिहास आहे. तो या टिपणात आपण एका भारतीय गाडीच्या आधारे पाहू. ती गाडी म्हणजे हिंदुस्तान कॉन्टेसा.

१. जन्मतःच जुनी

कॉन्टेसाचे उत्पादन १९८४ मध्ये पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे, हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात सुरू झाले. तिचा आराखडा मात्र त्याहून जुना होता. ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल कंपनीने १९७२ मध्ये व्हिक्टर गाडीची 'एफई' मालिका बाजारात आणली. १९७६ मध्ये तिचे नाव 'व्हीएक्स' झाले आणि १९७८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिथे निरुपयोगी झालेले साचे आणि हत्यारे हिंदुस्तान मोटर्सने घेतली. त्यांतून कॉन्टेसाचा सांगाडा उभा राहिला.

ही एकट्या कॉन्टेसाची गोष्ट नाही. १९८५ मध्ये आलेली प्रीमियर ११८ एनई ही मुळात फियाट १२४ च्या घराण्यातली होती. त्याच वर्षी मद्रासहून आलेल्या स्टँडर्ड २००० चे शरीर ब्रिटिश रोव्हरचे होते. असे का घडले? गाड्यांची आयात जवळजवळ बंद होती, परकीय चलन तुटपुंजे होते आणि कोणी काय व किती बनवायचे हे परवान्याने ठरत होते. नवा आराखडा करायला लागणारा पैसा छोट्या बाजारातून वसूल होणे कठीण होते. त्यामुळे परदेशात आयुष्य संपलेले साचे विकत घेणे हाच कंपन्यांना परवडणारा मार्ग होता. म्हणून आज कॉन्टेसाला 'चाळीस वर्षांची' म्हणताना तुम्ही कोणते वय मोजता ते स्पष्ट करा. नोंदणीच्या पहिल्या दिवशीच तिचा आराखडा बारा वर्षांचा होता.

२. 'वेगवान' म्हणजे किती?

लांब बॉनेट, रुंद बांधा आणि मागच्या चाकांना मिळणारी गती यांमुळे कॉन्टेसा वेगवान दिसायची. खरोखर ती होती का? गणित करून पाहू.

सुरुवातीच्या कॉन्टेसात अँबॅसिडरचेच १४८९ घनसेंमीचे बीएमसी इंजिन होते. त्याची शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन सुमारे १,२०० किलो. म्हणजे दर टनामागे ४२ अश्वशक्ती. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ची शक्ती सुमारे ३९ अश्वशक्ती आणि वजन सुमारे ६५० किलो होते. म्हणजे टनामागे ६०. मंत्र्यांची, उद्योगपतींची आणि हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांची ही रुबाबदार गाडी सिग्नल सुटल्यावर छोट्या मारुतीच्या मागे पडावी, असे हे आकडे सांगतात.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र बदलले. जपानच्या इसुझूशी झालेल्या करारातून १.८ लिटरचे सुमारे ८८ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. या इंजिनांसाठी हिंदुस्तान मोटर्सने मध्य प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूरला कारखाना उभारला. आता टनामागे ७३ अश्वशक्ती मिळू लागली. त्या काळच्या भारतीय रस्त्यावर ही खरोखर वेगवान गाडी होती. आज जपल्या जाणाऱ्या कॉन्टेसांबद्दल बोलताना लोक '१.८' हा आकडा आवर्जून सांगतात, त्याचे कारण हे आहे.

तिची सद्दी फार टिकली नाही. १९९३ मध्ये मोटारगाड्यांवरील परवाना पद्धत उठली. १९९४ मध्ये मारुती एस्टीम, १९९५ मध्ये दाएवू सिएलो, १९९६ मध्ये ओपेल अॅस्ट्रा आणि १९९८ मध्ये होंडा सिटी आली. २००२ मध्ये कॉन्टेसाचे उत्पादन थांबले. तिचा कारखानदार तिच्यापासून बाजूला झाला आणि तिथून तिच्या मालकांचा इतिहास सुरू झाला.

३. सुटे भाग : नात्यागोत्याचा फायदा

गाडी बंद झाल्यावर कोणता भाग मिळतो आणि कोणता मिळत नाही, हे तिच्या 'नात्यागोत्या'वर ठरते. कॉन्टेसाचे इसुझू इंजिन १९९० च्या दशकात अँबॅसिडरमध्येही बसवले गेले आणि अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत राहिली. कोलकात्याच्या टॅक्सींमुळे अँबॅसिडरच्या भागांना मागणी होती. त्यामुळे पिस्टन रिंगा, गास्केट, क्लच प्लेट, पाण्याचा पंप अशा गोष्टी कॉन्टेसाच्या मालकाला बहिणीच्या घरून मिळाव्यात तशा मिळत राहिल्या.

याउलट पुढची काच, दारांची रबरे, मागच्या दिव्यांच्या काचा, डॅशबोर्ड आणि बाहेरचा पत्रा हे फक्त कॉन्टेसाचेच. म्हणून अनुभवी मालक गाडी विकत घेताना आधी बॉनेट उघडत नाही. तो खाली वाकून पत्रा पाहतो. दारांखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ आणि पुढच्या काचेभोवतीची चौकट गंजली आहे का, पुट्टी भरून रंग मारला आहे का, हे तो बोटाने वाजवून बघतो. इंजिन पुन्हा बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येतात. कुजलेला सांगाडा मात्र सरळ करणे महाग पडते, कारण या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचे शरीर हीच तिची हाडे.

मग न मिळणारे भाग येतात कुठून? कोलकात्याचा मल्लिक बाजार, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट आणि मुंबईतील कुर्ला ही जुन्या भागांची देशातली मोठी ठिकाणे. जे तिथेही मिळत नाही ते घडवले जाते. बुश लेथवर उतरवला जातो, जुना भाग नमुना म्हणून देऊन ओतकाम करून घेतले जाते. कोल्हापूर, राजकोट, कोइम्बतूर या शहरांत फाउंड्र्या आणि लेथ यांची दाट वस्ती आहे. तिथल्या कारागिराला ड्रॉइंग लागत नाही, मोडका तुकडा पुरतो. अभियांत्रिकीत ज्याला आपण 'रिव्हर्स इंजिनीअरिंग' म्हणून शिकवतो ते हेच. पण या कामाची नोंद कुठेच होत नाही. कारागीर थकला की मापे त्याच्याबरोबर जातात.

४. टाकीतले पेट्रोलही बदलते

गाडी तीच राहिली तरी तिचे अन्न बदलत गेले. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. ते ऑक्टेन वाढवी, शिवाय व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यात पातळ थर धरून झीज कमी करी. १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्यासाठी हे आवश्यकच होते. पण ज्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक थेट बिडाच्या हेडमध्ये कापलेली होती, तिथे ती बैठक झिजून व्हॉल्व्ह आत बसू लागले. उपाय म्हणजे हेड उतरवून कठीण पोलादाच्या रिंगा बसवणे.

दुसरा बदल इथेनॉलचा. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरू झालेले मिश्रण २०२२ मध्ये १० आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व डायफ्राम मऊ करते. त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडते. आजच्या गाडीतला संगणक सेन्सरवरून हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला असा मेंदू नाही. त्याचे जेट माणसाने बदलावे लागतात.

५. रस्ता : मुंबई ते इंदूर

जुन्या गाडीची परीक्षा लांबच्या प्रवासात होते. तिच्या इंजिनाचा कारखाना जिथे होता त्या दिशेने, मुंबई-आग्रा रस्त्याने सुमारे ६०० किलोमीटर जायचे आहे असे समजा. हा रस्ता कसारा घाट चढून इगतपुरी आणि नाशिककडे जातो, धुळ्यानंतर सेंधव्याजवळ बिजासन घाट लागतो, खलघाटला नर्मदा ओलांडली जाते आणि मानपूरजवळ पुन्हा चढून माळव्याच्या पठारावर पोहोचतो. यंत्रशास्त्राचा अख्खा धडा या वाटेवर आहे.

चढावर वेग कमी आणि भार जास्त असतो. रेडिएटरमधून वाहणारा वारा मंदावतो. जुन्या पद्धतीत पंखा आणि पाण्याचा पंप बेल्टने इंजिनाशी जोडलेले असतात, म्हणून इंजिन हळू फिरले की तेही हळू फिरतात. जाणकार चालक वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही. खालचा गिअर टाकतो, फेरे वाढवतो आणि थंडावा टिकवतो.

घाटमाथ्यावर चहासाठी थांबलात आणि गाडी पुन्हा सुरूच होईना, तर बहुधा तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. पंपावर ओला फडका ठेवून थोडे थांबणे हा देशभरातल्या ड्रायव्हरांचा जुना इलाज आहे आणि तो शास्त्राला धरून आहे : वाफ थंड झाली की पुन्हा द्रव होते.

उतारावर ब्रेकचा प्रश्न येतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. ताजे डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही; पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. उकळले की पायाखाली पेडल मऊ लागते. म्हणून निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल नवे हवे आणि उतारावर गाडी गिअरमध्येच हवी.

डिकीत फॅन बेल्ट, रेडिएटरच्या नळ्या, क्लिपा, प्लग, फ्यूज आणि पाण्याचा कॅन असतो. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट डिकीत मावत नाही : वाटेवरचा मेकॅनिक. एके काळी कोणत्याही नाक्यावर कार्बोरेटर उघडणारा मिळे. आज मोटारींच्या गॅरेजमधला तरुण आधी स्कॅनर जोडायला जागा शोधतो. गंमत अशी की एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होईपर्यंत आपल्या बहुतेक दुचाकींना कार्बोरेटरच होते. त्यामुळे आडवाटेवर कॉन्टेसाला मदत मिळाली तर ती मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्याकडून मिळण्याची शक्यता अधिक.

६. कायदा : पंधरा आणि पन्नास यांच्या मधे

तिसरी गोष्ट परवानगी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. या आदेशांत पुढेही फेरबदल होत आले आहेत, म्हणून उत्तर लिहिताना ताजी स्थिती पाहा. हवेची चिंता खरी आहे; जुनी इंजिने नव्यापेक्षा जास्त धूर सोडतात हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या टोकाला २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांसाठीच बाहेर काढता येते. अट अशी की सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावे.

आता हिशेब करा. सर्वांत जुन्या कॉन्टेसाला पन्नास वर्षे २०३४ मध्ये होतील आणि शेवटच्या कॉन्टेसाला २०५२ मध्ये. तोवर कायद्याच्या नजरेत ही गाडी वारसा नाही, फक्त जुनी आहे. आणि पन्नाशी गाठली तरी 'मूळ रूपा'चा प्रश्न उरतो. भारतात गाडी टिकली ती बदलून : हेडला नव्या रिंगा, दुसऱ्या गाडीचा पंप, लेथवरचा बुश, काही वेळा संपूर्ण वेगळे इंजिन. यातली किरकोळ दुरुस्ती चालून जाईल. पण इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि कारखानदाराच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. राजवाड्यातली झाकून ठेवलेली परदेशी गाडी या कसोटीला सहज उतरते. रस्त्यावर राबलेली, हाताने जगवलेली गाडी उतरेलच असे नाही.

७. समारोप

प्रत्येक जुनी गाडी रस्त्यावर राहिली पाहिजे असे माझे म्हणणे नाही. दाट वस्तीच्या शहरात रोजच्या वापरासाठी ती योग्यही नाही. पण फक्त 'न बदललेले' तेवढेच जपायचे ठरवले, तर आपल्या तंत्र-इतिहासातला सर्वांत भारतीय भाग, म्हणजे दुरुस्ती, आपण पुसून टाकू. गाडी भंगारात जाण्याआधी तिची मापे, तिच्यात केलेले बदल आणि ते करणाऱ्याचे शब्द लिहून ठेवणे, एवढे तर आपल्या हातात आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील साठीच्या पुढच्या एखाद्या मेकॅनिकला भेटा. आज मिळत नसलेला एक भाग ते कसा बनवतात किंवा कशावर भागवतात, ते आकृतीसह लिहा. त्यांची परवानगी घेऊन त्यांचे सांगणे त्यांच्याच भाषेत नोंदवा.

२. घरातील किंवा शेजारच्या जुन्या वाहनाचे आरसी बुक आणि प्रत्यक्ष वाहन यांची तुलना करा. कोणते बदल कागदावर आहेत, कोणते नाहीत?

३. पंधरा ते पन्नास वर्षांमधील वाहनांसाठी वेगळा नियम असावा का? हवेची गुणवत्ता आणि वारसा या दोन्ही बाजू मांडून दोनशे शब्दांत उत्तर लिहा.